कोकमाची पूड, ‘९१ टक्के अँटिऑक्सिडंट’ आणि पाकिटावर काय छापावं

ताई, तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: कुडाळ तालुक्यातल्या तुमच्या बचत गटाने यंदा रातांब्याची (कोकमाच्या फळाची) सालं मीठ न लावता वाळवली आणि दळून पूड केली. एका खासगी प्रयोगशाळेत ती तपासून घेतली, तर अहवालात ‘डीपीपीएच ९१ टक्के’ आणि ‘एकूण फिनॉल उत्तम’ असं आलं. आता पाकिटावर ‘अँटिऑक्सिडंटचा खजिना, मधुमेह व कर्करोगावर गुणकारी’ असं छापावं का, आणि आईला मधुमेह आहे तर तिला ही पूड रोज दोन चमचे पाण्यातून द्यावी का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

छापायचं म्हणाल तर नाही, छापू नका. आईबद्दलचं उत्तर मात्र एका शब्दात देता येणार नाही, तिथे परिस्थिती बघावी लागेल. पण या दोन्हींच्या मुळाशी तिसराच प्रश्न आहे: हा ९१ चा आकडा नेमकं काय सांगतो? खाण्याच्या आणि औषधी वनस्पतींचे अर्क काढून त्यांच्या अशाच चाचण्या करणं हेच माझं काम आहे, त्यामुळे हा आकडा कसा तयार होतो तिथून सुरुवात करते.

डीपीपीएच ही एक गडद जांभळी पूड असते. मेथॅनॉलमध्ये विरघळवली की तिचं जांभळं द्रावण होतं. या रेणूला एका इलेक्ट्रॉनची कमतरता असते, म्हणजे तो ‘मुक्तमूलक’ असतो, पण बाकीच्या मूलकांसारखा क्षणात नाहीसा होत नाही, बाटलीत टिकून राहतो. त्यात तुमचा अर्क घातला आणि अर्कातल्या पदार्थांनी (यांनाच अँटिऑक्सिडंट म्हणतात) ती कमतरता भरून काढली, की जांभळा रंग उतरून द्रावण पिवळं पडतं. अर्धा तास अंधारात ठेवायचं, ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उरला ते यंत्रावर बघायचं. झाली चाचणी. १९५८ पासून ही पद्धत रूढ आहे, स्वस्त आहे, एका सकाळीत उरकते. म्हणूनच एम.एस्सी.च्या मुलांपासून साबणाच्या कारखान्यापर्यंत सगळे तीच करून घेतात.

आता ९१ टक्के म्हणजे काय, तर त्या नळीतला ९१ टक्के जांभळा रंग उतरला. किती पुडीने, हे अहवालात आहे का? नसेल तर आकड्याला अर्थ नाही. एका लिंबाने तांब्याभर पाणी आंबट होतं, विहीर होत नाही. अर्क पुरेसा दाट घेतला तर चहाचा चोथा, डाळिंबाची साल, आंब्याची पानं, काहीही नव्वदीच्या पुढे जातं आणि तिथेच थांबतं, कारण उतरवायला रंगच उरत नाही. म्हणून आम्ही टक्के लिहीत नाही. निम्मा रंग उतरवायला मिलिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम अर्क लागला ते लिहितो आणि त्याच दिवशी त्याच द्रावणात क जीवनसत्त्वाला किती लागलं ते शेजारी देतो. हा आकडा जितका कमी तितका अर्क जोरदार. तुमच्या अहवालात हे नसेल तर प्रयोगशाळेकडून मागून घ्या, त्यांच्या वहीत असायला हवं.

कोकमाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, आणि ती बऱ्याच अहवालांतून सुटते. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा, मुख्यतः सायनिडिनच्या दोन ग्लायकोसाइडांचा (साखर जोडलेल्या रूपांचा). आंबट द्रावणात ही द्रव्यं ५१० ते ५३० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. डीपीपीएचचा जांभळा मोजायचा तोही ५१७ वर! म्हणजे जांभळा उतरला तरी कोकमाचा लाल तिथेच बसलेला असतो आणि यंत्राला दोघांतला फरक कळत नाही. यावर उपाय साधा आहे: डीपीपीएच न घालता नुसत्या अर्काचं वेगळं वाचन घ्यायचं आणि ते वजा करायचं. हे केलं नाही तर कोकमाचा आकडा उलट कमी येतो. तुमचा ९१ आलाय, म्हणजे एक तर हे वाचन वजा केलंय किंवा अर्क इतका दाट होता की फरक झाकला गेला. कुठलं, ते प्रयोगशाळाच सांगू शकेल.

‘एकूण फिनॉल’ची चाचणीही अशीच. फिनॉलं म्हणजे वनस्पतींतल्या, अँटिऑक्सिडंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पदार्थांचा एक गट. ती फोलिन-सिओकाल्तो नावाच्या द्रावणाने करतात. नाव फिनॉलचं असलं तरी ते द्रावण क जीवनसत्त्वालाही निळं पडतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजलाही थोडंफार. आकड्याबरोबर ‘गॅलिक आम्लाच्या तुलनेत’ असं एकक नसेल तर ‘उत्तम’ हा नुसता शेरा राहतो.

शिवाय अर्क कशात काढला? प्रयोगशाळा बहुधा ८० टक्के मेथॅनॉल वापरते. कोकमातलं गार्सिनॉल हे पिवळं, तेलात मुरणारं द्रव्य मेथॅनॉलमध्ये सहज उतरतं, पाण्यात जवळपास उतरतच नाही. तुमचं गिऱ्हाईक पूड मेथॅनॉलमध्ये नाही, पाण्यात नाहीतर नारळाच्या दुधात घालणार. सोलकढीचा नारळ इथे पाण्यापेक्षा बरा, पण तिचा अर्क कुणी तपासायला पाठवत नाही, हा भाग वेगळा.

इथवर सगळं नळीतलं झालं. आता पोटात काय होतं ते बघू.

पालेभाज्या, फळं, मसाले यांतली पॉलिफिनॉलं (याच फिनॉलांचे मोठे रेणू) तोंडातून आतड्यात जातात तेव्हा त्यांतली थोडीच रक्तात शिरतात. जी शिरतात त्यांना आतड्याची भिंत आणि यकृत लगेच गंधकाची किंवा ग्लुकुरोनिक आम्लाची शेपटी लावून लघवीच्या वाटेला लावतात. जेवणानंतर रक्तात एखादं पॉलिफिनॉल मोजायला गेलं तर लिटरमागे एक मायक्रोमोल भरणंही कठीण. आणि आपल्या रक्तात आधीपासून काय असतं? युरिक आम्ल, २०० ते ४०० मायक्रोमोल, तेही नळीत उत्तम अँटिऑक्सिडंट. २००४ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या संशोधकांनी निरोगी माणसांना किलोभर सफरचंदं खायला घातली. रक्ताची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ खरोखर वाढली. कारण शोधलं तर सफरचंदातल्या फ्रुक्टोजमुळे युरिक आम्ल वाढलं होतं, पॉलिफिनॉलांचा वाटा नगण्य. गाउटचा (युरिक आम्लामुळे सांधे दुखण्याचा) त्रास असलेल्या माणसाला ही बातमी आनंदाची नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ‘ओआरएसी’ (नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेच्या) आकड्यांची स्वतःचीच यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. कारण त्यांनीच दिलं: नळीतल्या या आकड्यांवरून माणसाच्या शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगता येत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरतात. बारा-चौदा वर्षं उलटली, तरी आपल्याकडे तेच आकडे अजून पाकिटांवर फिरतात.

‘थोडं कमी पोहोचलं तर जास्त द्यावं’ हा पुढचा विचार तुमच्याही मनात येईल. तोही करून झालाय. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजरातलं बीटा कॅरोटीन रोज २० मिलिग्रॅम, गोळीतून. भाज्या-फळं जास्त खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कर्करोग कमी होतो हे आधीच्या पाहण्यांत दिसलं होतं, म्हणून आशा मोठी होती. १९९४ मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ च्या जानेवारीत ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. तिथे २८ टक्के जास्त. आमच्या क्षेत्राने यातून घेतलेला धडा असा की शरीरातले मुक्तमूलक म्हणजे नुसता कचरा नव्हे. पेशी त्यांचा निरोपासारखा वापर करतात. २००९ मध्ये जर्मनीत व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या, तर व्यायामामुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद जो सुधारायला हवा होता, तो सुधारलाच नाही. मधुमेह्याच्या घरात हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे.

याचा अर्थ भाज्या-फळं निरुपयोगी असा मुळीच नाही. त्यांचा फायदा खरा आहे, फक्त तो ‘अँटिऑक्सिडंट’ या एका खुंटीवर टांगता येत नाही. चोथा आहे, पोटॅशियम आहे, आतड्यातल्या जिवाणूंनी पॉलिफिनॉलांचे केलेले तुकडे आहेत, आणि भाजी खाणारा माणूस तेवढ्या वेळी वडापाव खात नसतो हेही आहे. कोकोतल्या फ्लॅव्हनॉल या पॉलिफिनॉलांवर अमेरिकेत २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेली चाचणी २०२२ मध्ये आली. हृदयविकाराच्या एकूण घटनांत खात्रीलायक फरक दिसला नाही, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले. माझ्या मते वनस्पतींबद्दलचं प्रामाणिक उत्तर साधारण असंच असतं: थोडं हो, थोडं अजून बघू.

आता कर्करोगाचं. कोकमातल्या गार्सिनॉलवर भरपूर संशोधन आहे, आणि ते चांगलं आहे. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्राच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की गार्सिनॉल पेशीतलं एक महत्त्वाचं विकर (एन्झाइम), हिस्टोन अॅसिटिलट्रान्सफरेज, अडवतं. त्यानंतर अनेक प्रकारच्या कर्करोग पेशी बशीत वाढवून गार्सिनॉलने त्या मारल्याचे निबंध आले. पण बशीत जे प्रमाण वापरतात ते बहुधा १० ते २० मायक्रोमोल असतं. रक्ताचा हिशोब वर दिलाच आहे. दुसरं, अशी फिनॉलं पेशी वाढवायच्या माध्यमात हवेशी संयोग पावून स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात आणि कित्येकदा पेशी त्यानेच मरतात. म्हणजे अँटिऑक्सिडंट म्हणून घातलेला पदार्थ बशीत अगदी उलटं काम करतो. कोकम खाल्ल्याने कर्करोग टळतो किंवा बरा होतो हे दाखवणारी माणसांवरची चाचणी नाही. मधुमेहाचंही तसंच, उंदरांवरचं काम आहे. मधुमेह घडवून आणलेल्या उंदरांना कोकमाच्या सालीचा पाण्यातला अर्क दिल्यावर साखर उतरल्याचं दिसतं. अशा कामात किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम ही मात्रा नेहमीची. माणसासाठी रूढ पद्धतीने ती सहाने भागली तरी साठ किलोच्या बाईला दोन ग्रॅम सुका अर्क होतो. अर्क, पूड नव्हे.

हे सगळं आईच्या प्रश्नाशी येऊन मिळतं. आईबद्दल मी विचारेन ते असं: मूत्रपिंडाची काही तक्रार आहे का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं आहे का? छातीत जळजळ, अल्सर? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे? यकृताचा काही इतिहास? मधुमेहाची कुठली औषधं आहेत, साखर अधूनमधून खूप उतरते का? यांतल्या एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर पूड सुरू करण्याआधी डॉक्टरांना पाकीट दाखवा.

बाकी, जेवणातलं कोकम आणि चमच्याने घेतलेली मात्रा या दोन गोष्टी निराळ्या. आमटीत चार आमसुलं पडतात, ती चौघांत वाटली जातात आणि निम्मी पानाच्या कडेला राहतात. ते आईने जन्मभर खाल्लंय, खाऊ द्या. रोज दोन चमचे पूड म्हणजे पाच-सहा ग्रॅम सुकी साल. सुक्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल दहा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे दिवसाला सुमारे पाचशे-सहाशे मिलिग्रॅम. हेच आम्ल वजन उतरवायच्या गोळ्यांत असतं. तिथे ते मलबारी चिंचेतून, केरळच्या मीनकरीत पडणाऱ्या कुडमपुळीतून काढतात. १९९८ मध्ये १३५ जणांवर बारा आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम देऊन बघितलं, वजनात नकली गोळीपेक्षा फरक पडला नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र येत राहिल्या. तुमची पूड म्हणजे ती गोळी नव्हे. तरी रोजची, ठरलेल्या मात्रेची, महिनोन् महिने चालणारी सवय ही स्वयंपाकातल्या आमसुलापेक्षा गोळीच्या जास्त जवळ जाते, आणि आंबटपणाने दातांचं आवरणही झिजतं.

‘झाडपाल्याने काय अपाय होणार’ असं कुणी म्हणालं तर दोन उदाहरणं पुरेत. करोनाच्या काळात लोकांनी रोज गुळवेलीचा काढा प्यायला. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, वेलीच्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. तसं असेल तरी रुग्णाच्या दृष्टीने फरक काय, बाजारातून आणलेली वेल कुठली हे त्याला कसं कळणार? दुसरं तुमच्या परसातलं: बिंबलं, ती आंबट फळं. केरळात कोलेस्टेरॉल उतरवायला बिंबलांचा रस पिणाऱ्या दहा जणांची मूत्रपिंडं ऑक्झलेटमुळे बंद पडल्याचं २०१३ मध्ये नोंदवलं गेलं, सात जणांना डायलिसिस लागलं. माशाच्या कढीत दोन बिंबलं घालून कुणाला काही होत नाही. रस ग्लासाने प्याला की गणित बदलतं.

तेव्हा आईला पूड द्यायचीच तर स्वयंपाकात, आमसुलाच्या जागी, चवीपुरती द्या. डॉक्टरांच्या गोळ्या तिच्यामुळे कमी करू नका. आणि उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी केलेलं अमृत कोकम तिच्यापासून लांब ठेवा, त्यात निम्म्याहून जास्त साखर असते. आगळात मीठ भरपूर, रक्तदाब असेल तर तेही बेताने. खरं तर बिनमिठाची तुमची पूड या दोन्हींपेक्षा आईला सोयीची आहे. हा तुमच्या मालाचा खरा गुण आहे आणि तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त ओझरता आलाय!

आता पाकीट. ‘मधुमेहावर, कर्करोगावर गुणकारी’ हे शब्द कायद्याने अडकवतील. अन्नपदार्थाने रोग टळतो किंवा बरा होतो असा दावा करायला एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे जाहिरात व दाव्यांचे नियम मनाई करतात. आणि रोग बरा करतो म्हटलं की वस्तू औषधाच्या व्याख्येत जाऊ शकते. मग १९५४ चा औषधं व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही आहेत. मोठ्या कंपन्यांकडे वकील असतात, बचत गटाकडे नसतात.

त्याऐवजी जे खरं आहे ते छापा: बिनमिठाची, बिनसाखरेची, अमुक गावच्या रातांब्यांची, अमुक महिन्यात वाळवलेली, सोलकढीला एवढी घ्या, आमटीला एवढी. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून गटाची नोंदणी करता आली, तर पाकिटावर तो शिक्का डीपीपीएचच्या आकड्यापेक्षा जास्त भाव मिळवून देईल.

प्रयोगशाळेचे पैसे वाया गेले असं मात्र समजू नका. त्या चाचणीचा खरा उपयोग घरातल्या घरात तुलना करायला होतो. एकाच झाडाची सालं तीन वाटे करून एक उन्हात, एक सावलीत, एक सोलर ड्रायरमध्ये वाळवा आणि तिन्हींची चाचणी एकाच दिवशी, एकाच पद्धतीने करून घ्या. अँथोसायनिन ऊन, उष्णता आणि हवा या तिन्हींनी मरतं, त्यामुळे फरक दिसेल. किती दिसेल ते सालीची जाडी, ड्रायरचं तापमान आणि मे अखेरीस पावसाने तुम्हाला किती पळवलं यावर आहे. मी असते तर पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर नेलं नसतं. चांगली पूड तशीच बंद पाकिटात ठेवून तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. पारदर्शक पिशवीतला माल पावसाळ्यात तपकिरी होतो आणि आंबटपणामुळे ओल धरून गोळे होतात, म्हणून अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घ्या, थोडी महाग पडली तरी.

पुढच्या खेपेला त्याच प्रयोगशाळेत आधी ओलाव्याचं प्रमाण, जलक्रियता (बुरशीला वापरता येईल असं मोकळं पाणी किती, त्याचं माप; ०.६ च्या खाली हवी), बुरशी-यीस्ट आणि शिसं तपासून घ्या. डीपीपीएचला पैसे उरले तर नमुना देतानाच लिहून मागा: अर्क कशात काढला, किती प्रमाणात वापरला, लाल रंगाचं वाचन वजा केलं का, आणि क जीवनसत्त्वाचा त्याच दिवशीचा आकडा.